उरलेल्या फ्रेम

१९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडला. महिनाभराहून अधिक काळ ते रोज त्या कुंडीचं थोडंथोडं चित्रण करत राहिले. बी रुजलं, कोंब वर आला, त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हा छोटासा चित्रपट त्यांनी निवडक लोकांना दाखवला आणि त्यांच्यापैकी काहींनी फाळक्यांना पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी कर्ज देऊ केलं. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना या वाटाण्यांचा उल्लेख एक गोड आठवण म्हणून होतो आणि गाडी पुढे जाते. मला तिथेच थांबावंसं वाटतं. एक साधी कुंडी आणि तिच्याकडे रोज परत येणारा एक माणूस, एवढंच तिथे होतं. एका दिवसाच्या चित्रात काहीच घडत नव्हतं. जे घडत होतं ते एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जाताना घडत होतं.

हे पुस्तक अशा परत येण्याबद्दल आहे. रोज एक फोटो काढायचा, तोही घरातल्या, गल्लीतल्या, कामाच्या जागेवरच्या नेहमीच्या वस्तूंचा आणि दृश्यांचा, एवढाच हा नेम. जगात अनेकांनी तो पाळला. कुणी वर्षभर, कुणी दहा-वीस वर्षं, एकाने तर शेवटच्या श्वासापर्यंत. या नेमामागे जवळजवळ दोनशे वर्षांची पार्श्वभूमी आहे, त्यात वेगवेगळ्या वाटा आहेत, मतभेद आहेत. कॅमेरा हातात घेणाऱ्या मराठी वाचकाला ते सारं एका ठिकाणी मिळावं असं फार दिवस मनात होतं.

सुरुवातीला नेहमीच्या वस्तू फोटोत आल्या त्या केवळ नाइलाजाने. पहिल्या कॅमेऱ्यांना हलणारं काही टिपताच येत नसे. फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून जे दृश्य टिपलं, ते टिकून राहिलेलं सर्वांत जुनं कॅमेऱ्याचं चित्र मानलं जातं. त्यात आहेत छपरं आणि भिंती. प्रकाश इतका वेळ आत घ्यावा लागला, की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. १८३८मध्ये दागेर यांनी पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला, तेव्हा घोडागाड्या आणि माणसं चित्रातून विरून गेली. उरला तो कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. फोटोत सापडलेला पहिला माणूस म्हणून आज त्याच्याकडेच बोट दाखवतात. सम्राट नाही, सेनापती नाही. बूट चकचकीत करून घेण्यासाठी काही मिनिटं उभा राहिलेला कुणीतरी.

नाइलाजाची निवड झाली ती इंग्लंडमध्ये, विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांच्या हातून. त्यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने निघालं. त्यातले फोटो कशाचे आहेत? फळ्यांवर मांडलेली चिनी मातीची भांडी, पुस्तकांच्या रांगा, गवताच्या गंजीला टेकवलेली शिडी आणि उघड्या दाराशी ठेवलेला एक खराटा. भांड्यांच्या फोटोशेजारी टॉल्बट सुचवतात, की चोराने ही भांडी नेली तर हा फोटो पुरावा म्हणून कामी येईल. खराट्याच्या फोटोशेजारी ते डच चित्रकारांचा दाखला देतात: रोजच्या, ओळखीच्या दृश्यांना चित्रात स्थान देण्याचा मार्ग त्यांनी आधीच मोकळा केला आहे. एकाच पुस्तकात, मोजक्या पानांच्या अंतराने, या क्षेत्रातली दोन मोठी घराणी अशी जन्माला आली. एक नोंदीचं, दुसरं रूपाचं. पुढची शंभरेक वर्षं या दोहोंची ओढाताण चालू राहिली.

नोंदीच्या घराण्याचे पितामह म्हणजे पॅरिसचे यूजीन आत्झे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा खांद्यावर घेऊन जुन्या पॅरिसमध्ये फिरले. दारांच्या कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या काचा, फेरीवाले, साध्या माणसांच्या घरातले पलंग आणि चुली. आपला व्यवसाय ते ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ असा सांगत आणि चित्रकारांना, ग्रंथालयांना, संग्रहालयांना प्रिंट विकत. स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायची त्यांना हौस नव्हती. त्यांच्या मागे तो खजिना वाचवला तो बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने. शहर पाडलं जात असताना त्याच्या दारांच्या मुठींवर कुणी तीस वर्षं घालवावीत, याला माझ्या लेखी फार मोठं महत्त्व आहे. आत्झे यांनी ‘आज काही विशेष आहे का’ असं शहराला कधी विचारलं नाही.

रूपाचं घराणं १९२०-३०च्या सुमारास बहरलं. जर्मनीत आल्बर्ट रेंगर-पाट्झ यांनी १९२८मध्ये जो संग्रह काढला त्याला त्यांना नुसतं ‘वस्तू’ हे नाव हवं होतं. प्रकाशकाने ‘जग सुंदर आहे’ हे नाव दिलं. कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन यांनी १९३०मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. तो पाहताना मिरची दिसते, वळलेली पाठ दिसते, दुमडलेले हात दिसतात. तो फोटो मला थक्क करतो, पण जवळचा वाटत नाही. ती मिरची कुणाच्या घरची नाही. तिला देठापासून शेंड्यापर्यंत कलाकृती करून टाकलं आहे. या दोन घराण्यांचा सांधा मला वॉकर एव्हन्स यांच्यात दिसतो. १९५५मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात त्यांनी पक्कड, पाना, करणी अशा हत्यारांचे फोटो छापले. साधी पार्श्वभूमी, सरळ प्रकाश. हत्यार हत्यारच राहतं, आणि तरी नजर हलत नाही.

रंग आला आणि पुन्हा वाद पेटला. कलेचा फोटो काळा-पांढराच असावा, रंग जाहिरातींना आणि सहलींना, असा दंडक होता. स्टीव्हन शोर १९७२मध्ये न्यूयॉर्कहून निघाले आणि वाटेत जे खाल्लं त्या बश्या, जिथे झोपले ते पलंग, मोटेलमधले टीव्ही आणि फ्रीज टिपत गेले. विल्यम एगल्स्टन यांनी मेम्फिस आणि आसपासच्या भागात मुलाची तीनचाकी सायकल आणि बर्फ साचलेला फ्रीजर टिपला. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा समीक्षक चिडले: यात पाहण्यासारखं काय आहे? आज त्याच फोटोंत आपल्याला एक अख्खा काळ दिसतो. त्या काळाचा हिरवा, लाल, पिवळा नेमका कसा होता हे दुसऱ्या कशातून कळलं असतं?

याच्या बरोबरीने एक तिसरं घराणं शांतपणे वाढत होतं, आणि हे पुस्तक मुख्यतः त्याचं आहे. एका जागी थांबून, एका नेमाने पाहणाऱ्यांचं घराणं.

प्रागचे योसेफ सुदेक पेशाने पुस्तकबांधणी करणारे. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला आणि त्यानंतर एका हाताने भलेमोठे कॅमेरे हाताळले. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना कॅमेरा घेऊन बाहेर फिरणं कठीण झालं. सुदेक आपल्या लहानशा लाकडी स्टुडिओत राहिले आणि खिडकीकडे वळले. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी ‘माझ्या स्टुडिओची खिडकी’ ही मालिका केली. काचेवर दव, वाफ, बर्फ, पावसाचे ओघळ. पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. खिडकीच्या कट्ट्यावर कधी पाण्याचा पेला, कधी अंडं, कधी पाव. बाहेर इतिहास उलथापालथ करत असताना हा माणूस पेल्यातलं पाणी पाहत बसला, असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. दहशतीच्या राज्यात पहिला घाला पडतो तो माणसाच्या रोजच्या जगण्यावर. ते जगणं इतक्या निगुतीने जपून ठेवणं ही शरणागती नव्हे.

आंद्रे कर्तेस यांची गोष्ट याच वाटेवरची. हंगेरीत जन्म, पॅरिसमध्ये कीर्ती, उतारवय न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या घरात. १९७७मध्ये पत्नी एलिझाबेथ गेली. त्यांच्या हाती पोलरॉइडचा एसएक्स-७० कॅमेरा आला आणि त्यांनी घरातल्या लहानसहान वस्तू खिडकीपाशी ठेवून टिपायला सुरुवात केली. त्यात काचेची एक अर्धप्रतिमा होती. तिच्या खांद्याच्या आणि मानेच्या वळणात त्यांना एलिझाबेथ दिसत होती. १९८१मध्ये ‘माझ्या खिडकीतून’ हा संग्रह निघाला. इटलीत लुइजी गिरी यांनी १९७४ या वर्षात रोज एकदा आकाशाचा फोटो काढला, ३६५ आकाशं. भूमापनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने मोजता न येणाऱ्या गोष्टीला मोजमाप लावून पाहिलं. जपानमध्ये नोबुयोशी अराकी पत्नीच्या निधनानंतर घराच्या गच्चीवरून आकाश टिपत राहिले. या वाटेवर शोक वारंवार भेटतो. घरातून माणूस जातं तेव्हा वस्तू जागच्या जागी राहतात, आणि त्यांच्याकडे पाहण्यावाचून दुसरं काही सुचत नाही.

आणि जेमी लिव्हिंगस्टन. ३१ मार्च १९७९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात शिकत असताना, त्याने पोलरॉइडवर एक फोटो काढला. काही दिवसांनी ते रोजचं झालं. नियम साधा: दिवसाला एकच. एसएक्स-७०मधून प्रिंट थेट बाहेर येते, डोळ्यांदेखत उमटते, निगेटिव्ह नसते. एकदा बटण दाबलं की त्या दिवसाचा निकाल लागला. दुसऱ्या संधीचा प्रश्नच नाही. मित्र, जेवणाची ताटं, टीव्हीचा पडदा, बेसबॉलचं मैदान, रिकामी खोली, ॲकॉर्डियन. त्यातला कुठलाही एक फोटो उचलून पाहिला तर कुणाच्याही घरातला वाटावा. पण एकामागून एक पाहत गेलं की माणूस मोठा होतो, कामाला लागतो, केस विरळ होतात. मग रुग्णालय येतं. डोक्यावरचा शस्त्रक्रियेचा व्रण येतो. अंगठी घातलेले हात येतात. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो गेला; मालिका त्याच दिवशी थांबली. मित्रांनी २००७मध्ये बार्ड कॉलेजात ६,६९७ पोलरॉइड तारखेच्या क्रमाने भिंतीवर मांडले. या काळातले दिवस मोजले तर फोटोंपेक्षा थोडे जास्त भरतात, म्हणजे मध्ये काही दिवस सुटले आहेत. मला ते सुटलेले दिवस आवडतात. नेम मोडला म्हणून त्याने काम सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा उचलला.

ही कल्पना अनेकांना भेटली ती एका चित्रपटातून. पॉल ऑस्टर यांच्या कथेवर वेन वांग यांनी १९९५मध्ये केलेल्या ‘स्मोक’मध्ये ब्रुकलिनचा एक तंबाखूवाला रोज सकाळी आठ वाजता दुकानासमोरच्या एकाच कोपऱ्याचा फोटो काढतो. त्याचा लेखकमित्र अल्बमची पानं भराभर उलटतो. त्याला सगळे फोटो सारखेच दिसतात. तंबाखूवाला त्याला सावकाश पाहायला सांगतो. मग एका पानावर लेखकाला आपली दिवंगत पत्नी रस्त्याने जाताना दिसते. कथा काल्पनिक आहे, पण या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला ती खरी वाटेल. पुढे नोआ कलिना या तरुणाने जानेवारी २००० पासून रोज स्वतःचा चेहरा टिपला आणि २००६मध्ये त्याची धावती फीत जगभर पाहिली गेली. चेहऱ्यांची ही उपशाखा मोठी आहे. मी तिच्यात फार शिरलेलो नाही. माझी ओढ वस्तूंकडे.

आपल्याकडे कॅमेरा लवकर आला. मुंबईत १८५४मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नाणावलेले छायाचित्रकार. पण साहेबाच्या कॅमेऱ्याला इथे लेणी हवी होती, किल्ले हवे होते, ‘जाती-जमातींचे नमुने’ हवे होते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या रहिवाशांचे जे खंड काढले त्यांत माणसं धंद्याप्रमाणे आणि जातीप्रमाणे उभी केलेली आहेत. वस्तू आहेत, पण ओळखखूण म्हणून. कोळणीच्या डोक्यावर टोपली असते ती तिला कोळीण ठरवण्यासाठी. ती टोपली घरी गेल्यावर कुठे ठेवली जाई, हे त्या फोटोंना विचारावंसं वाटलं नाही. नंतर स्टुडिओ आले. रंगवलेले पडदे, कोरीव खुर्ची, कुंडी, आणि ताठ बसलेलं कुटुंब. आपलं रोजचं जगणं दाराबाहेर ठेवूनच माणसं स्टुडिओत शिरत.

घरोघरी कॅमेरा पोचला तो फार पुढे, आगफा क्लिक-थ्रीसारख्या साध्या डबा-कॅमेऱ्यांनी. एका रोलवर बारा फोटो. रोल विकत घ्यायचा, धुवायला टाकायचा, प्रिंट काढायच्या. प्रत्येक फोटोला पैसे पडत. म्हणून तो खर्च होई तो बारशाला, मुंजीला, लग्नाला, महाबळेश्वरच्या पॉइंटवर. आजही जुना अल्बम उघडून पाहा. लग्न आहे, मुंज आहे, सत्यनारायण आहे, मोरी नाही. आई शालू नेसून उभी आहे. तिच्या हातातली सांडशी नाही. पाटा-वरवंटा नाही, तांब्याचा बंब नाही, वातीचा स्टोव्ह नाही, रेशनची पिशवी नाही. ज्या वस्तूंना दिवसातून दहा वेळा हात लागत होता, त्या सगळ्या गाळल्या गेल्या.

पण एक फट राहिली होती. सहलीत किंवा समारंभात रोल पूर्ण संपत नसे. दोन-चार फ्रेम उरत, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला टाकवत नसे. मग कुणीतरी गच्चीत किंवा अंगणात येऊन समोर जे असेल ते टिपून मोकळं होई: तुळशीवृंदावन, दोरीवरचे कपडे, ओट्याशी पाठमोरी उभी असलेली आत्या, सायकलला टेकून ठेवलेला दुधाचा कॅन. रोल संपवण्यासाठी काढलेले हे फोटो अल्बममध्ये शेवटच्या पानावर, कधी नुसते पाकिटातच राहात. घरोघरचे जुने फोटो पाहताना मी आता आधी तीच पाकिटं मागतो. लग्नाच्या फोटोत सगळी घरं एकमेकांसारखी दिसतात. या उरलेल्या फ्रेममध्ये प्रत्येक घर वेगळं दिसतं. मराठी घरातल्या नेहमीच्या वस्तूंची खरी चित्रशाळा ही. कुणी ठरवून काढली नाही, म्हणून तिच्यात पोझ नाही. या पुस्तकाचं नाव तिच्यावरूनच घेतलं आहे.

ठरवून काम करणारेही आपल्याकडे झाले. बडोद्याचे ज्योती भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या टिपून ठेवल्या. त्यातलं किती आता फक्त त्यांच्या निगेटिव्हमध्ये उरलं असेल. दयानिता सिंग यांच्या ‘फाइल रूम’ (२०१३)मध्ये सरकारी दप्तरखान्यांतले कागदांचे गठ्ठे आहेत, कापडात बांधलेले, छताला भिडलेले. मुंबईत सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांचं रोजचं काम वर्षानुवर्षं टिपलं, आणि चिरोदीप चौधरी यांनी शहरातली सार्वजनिक घड्याळं शोधून काढली. आणि कॅमेरा नसतानाही हाच नेम पाळणारी माणसं मराठीत होती. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) दुसरं काय आहे? महिन्यामागून महिना त्याच झाडांकडे, त्याच आभाळाकडे परतून पाहणं. अरुण कोलटकर काळा घोडा परिसरातल्या वेसाइड इनच्या खिडकीशी बसून समोरचा चौक न्याहाळत राहिले. त्यातून २००४मध्ये आलेला ‘काला घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह उभा राहिला. रोजचा फोटो काढू पाहणाऱ्याने मी सांगितलेली सगळी छायाचित्रं बाजूला ठेवून आधी ही दोन पुस्तकं वाचली तरी चालेल.

मग हा नेम आत्ता कशासाठी? फोन प्रत्येकाच्या हातात आहे, फोटोला पैसे पडत नाहीत, दिवसाला पन्नास निघतात. अडचण इथेच आहे. रोल महाग होता तेव्हा काय टिपायचं हे पैसे ठरवत. आता कुणीच ठरवत नाही. पन्नास फोटो निघतात, त्यातले पाच पुढे पाठवले जातात, उरलेले गॅलरीत गाडले जातात. ‘दिवसाला एक’ या नियमाने निवड परत आपल्या हातात येते. संध्याकाळी बसून एकच ठेवायचा म्हटलं की दिवस पुन्हा एकदा डोळ्यांखालून जातो.

दुसरं कारण मला अधिक निकडीचं वाटतं. सप्टेंबर २०२३मध्ये मुंबईतल्या जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसने शेवटची फेरी केली. पुढच्याच महिन्यात काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. बसला हार घातले गेले, लोक फोटो काढायला जमले. त्या फोटोंत हार आहेत आणि गर्दी आहे. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी मुलांची चालणारी धडपड, टॅक्सीच्या दाराची ती विशिष्ट मूठ, मीटर पाडतानाचा हात, हे सगळं एखाद्या साध्या मंगळवारी टिपायला हवं होतं. वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पुण्यातले वाडे एकेक करून गेले. निरोपाच्या दिवशी वस्तू आपली नेहमीची राहत नाही. तिचा खरा फोटो काढायचा तर ती जाणार आहे हे माहीत नसताना काढावा लागतो, आणि त्याला रोज काढण्याशिवाय मार्ग नाही.

तिसरं कारण अगदी अलीकडचं. आता चार शब्द लिहिले की यंत्र हवं ते चित्र तयार करून देतं. चाळ, चहा, पाऊस, सगळं. ती चित्रं देखणी असतात, पण ती कुठल्याच तारखेची नसतात. माझ्या खिडकीतल्या पेल्याचा सामान्य फोटो हे सांगतो, की त्या दिवशी, त्या उजेडात, हा पेला इथे होता. टॉल्बटनी चिनी भांड्यांच्या फोटोत जी साक्ष पाहिली होती, तिची किंमत मला वाढताना दिसते.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. ‘सामान्य’ हा शब्द कुणाच्या बाजूने वापरतो ते पाहायला हवं. माझ्या घरातला गंजलेला डबा मला सुंदर वाटू शकतो, कारण मला नवा घेता येतो. दुसऱ्याच्या घरातला तोच डबा त्याच्यासाठी अडचण असते, कधी लाजही. रस्त्यावर झोपलेल्या माणसाची चप्पल टिपणं हे रोजच्या फोटोचं काम नव्हे. घरात कामाला येणाऱ्या मावशींचे हात टिपायचे असतील तर त्यांना विचारावं, फोटो दाखवावा, प्रिंट द्यावी, आणि नको म्हणाल्या तर विषय तिथे संपवावा. स्वतःच्या आईलाही विचारावं. आपल्या चौकटीत येणाऱ्या बहुतेक ‘साध्या’ वस्तू कुणीतरी घासलेल्या, पुसलेल्या, वाळत घातलेल्या असतात. ते काम कुणाचं, हे फोटो काढणाऱ्याच्या लक्षात आलं नाही तर त्याने फक्त उजेड पाहिला.

करायला बसल्यावर काय होतं ते थोडं सांगतो. पहिला आठवडा सोपा असतो; चहाचा कप, चपला, सूर्यास्त. मग घरातलं सगळं ‘चांगलं’ संपतं आणि कंटाळा येतो. बहुतेक लोक इथे सोडतात किंवा ‘आजचा विषय: लाल रंग’ अशा याद्या शोधतात. त्या याद्या मला रुचत नाहीत. त्या पुन्हा विशेषाच्या मागे धावायला लावतात. कंटाळ्यात थांबलं तर नजर वस्तूवरून तिच्यावरच्या उजेडाकडे सरकते. तीच खुर्ची वैशाखात एक दिसते, आषाढात दुसरी, कारण आषाढात सावलीला कडाच नसतात. मार्गशीर्षात ऊन तिरपं येतं आणि कधी न दिसलेल्या भिंतीवर पोचतं. त्याच वस्तूचा पुन्हा फोटो काढायला मनाई नाही. मी तर आग्रह धरेन. परदेशी राहणाऱ्यांना याचा वेगळा उपयोग होतो: नव्या देशातलं स्वयंपाकघर रोज टिपता टिपता ते कधी आपलं झालं, हे मागाहून त्या फोटोंच्या ओळीत सापडतं.

या पुस्तकाचे तीन भाग आहेत, पण ते सारख्या आकाराचे नाहीत. इतिहासाचा भाग लांबला आहे, कारण वर आलेल्या माणसांची कामं सविस्तर समजून घेतल्याशिवाय त्यांचं अनुकरण नुसती नक्कल ठरतं. दुसऱ्या भागात वेगवेगळ्या घरांतल्या, गावांतल्या, नोकऱ्यांतल्या माणसांच्या मालिका आहेत. त्यांच्याखाली तारीख आणि ठिकाण यापलीकडे मथळे दिलेले नाहीत. फोटो सांगत नसेल ते मथळ्याने सांगू नये अशी माझी भूमिका आहे. क्रम तारखेचाच ठेवला आहे. सुंदर फोटो पुढे आणि साधे मागे असं केलेलं नाही, आणि सुटलेल्या दिवसांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. वाचकाने हा भाग चाळू नये, दोन-तीन बैठकांत सलग पाहावा. कॅमेऱ्यांच्या जाती, भिंगांचे आकडे, फोनची तुलना यांवर या पुस्तकात काही नाही. ती माहिती वर्षभरात शिळी होते आणि या कामाला लागतही नाही.

शेवटचा भाग जपणुकीचा, आणि तो सर्वांत आधी वाचला तरी हरकत नाही. फोन हरवतात, हार्ड डिस्क एक दिवस बंद पडतात, खात्यांचे पासवर्ड माणसाबरोबर जातात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी ठेवावी. महिन्याच्या शेवटी निदान चार फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे तारीख, जागा, वस्तू कुणाची होती ते लिहावं. लिहायला मऊ पेन्सिल घ्यावी आणि कडेला हलक्या हाताने लिहावं, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि काही शाया वर्षांनी कागदातून वर येतात.